मेलानोमा आणि प्रायोगिक इम्युनोथेरपी: आधी काय, नंतर काय

प्रश्न थोडक्यात असा. सांगली जिल्ह्यातून एका मुलाने विचारलं आहे. आई ६१ वर्षांच्या. टाचेवरची काळपट जखम वर्षभर कुरूप समजून कापली, मलम लावलं. शेवटी बायोप्सीत मेलानोमा, म्हणजे कातडीच्या रंगपेशींचा कर्करोग, निघाला. टाचेचं ऑपरेशन झालं, जांघेतल्या गाठी काढल्या आणि पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारं, म्हणजे इम्युनोथेरपीचं, औषध सुरू झालं. ते चालू असतानाच आता पेट स्कॅनमध्ये फुप्फुसात तीन बारीक गाठी आणि मांडीच्या कातडीखाली एक गाठ दिसली आहे. मुंबईतल्या डॉक्टरांनी इपिलिमुमॅब हे त्याच प्रकारचं दुसरं औषध जोडू या, असं सुचवलं आहे. न्यू जर्सीतला मामेभाऊ म्हणतो, ते जुनं झालं, इकडे टी-पेशींचे (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे) आणि एमआरएनए लशीचे प्रयोग चालू आहेत, आईला घेऊन या. दोन एकर विकायची घरच्यांची तयारी आहे. आईंना आजाराचं नाव सांगितलेलं नाही. मग प्रायोगिक इम्युनोथेरपीला जावं का?

आधी सरळ उत्तर देतो. आज जमीन विकून अमेरिकेला जाऊ नका. ट्रायलचा, म्हणजे नव्या उपचाराच्या चाचणीत सामील होण्याचा, विचार मात्र सोडू नका, तो आजपासूनच करा. मेलानोमात कोणतं औषध घेतलं याबरोबरच ते कोणत्या क्रमाने घेतलं यानेही फरक पडतो. एक उपचार घेतला की पुढचा एखादा रस्ता बंद होतो आणि एखादा उघडतो. तुम्हाला खरं तर हा क्रम ठरवायचा आहे.

आईंचा मेलानोमा तळपायाचा. गोऱ्या लोकांत दिसणारा मेलानोमा बहुतेक वेळा उन्हामुळे होतो आणि त्याच्या पेशींच्या जनुकांत बिघाडांची रेलचेल असते. तळपाय, तळहात, नखाखालचा मेलानोमा उन्हाशी संबंधित नसतो, त्यात बिघाड कमी असतात. शरीराच्या टी-पेशी हे बिघाडच ओळखतात, त्यामुळे ओळखायला खुणा कमी मिळतात आणि इम्युनोथेरपीचा प्रतिसादही सरासरीने कमी येतो. जगातल्या मोठ्या अभ्यासांत बहुसंख्य रुग्ण पहिल्या प्रकारचे असतात, आपल्याकडे दुसऱ्या प्रकाराचं प्रमाण जास्त. म्हणून परदेशातला आकडा वाचला की पहिल्यांदा विचारा: यात पायाच्या मेलानोमाचे किती होते? पुष्कळदा उत्तर ‘मोजकेच’ असं असतं.

आता ‘जुनं झालं’ याबद्दल. पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब ही औषधं टी-पेशींवरचा पीडी-१ नावाचा ब्रेक सोडवतात. इपिलिमुमॅब सीटीएलए-४ हा दुसरा ब्रेक सोडवतं. इपिलिमुमॅबला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली, बाकी दोघांना २०१४ मध्ये. या शोधांसाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. त्याआधी पसरलेल्या मेलानोमाचे रुग्ण बहुधा वर्षभरात जात. इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब एकत्र दिलेल्या रुग्णांचा दहा वर्षांचा हिशेब २०२४ मध्ये छापून आला: ४३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर हयात होते. नुसतं निव्होलुमॅब घेतलेल्यांत ३७ आणि नुसतं इपिलिमुमॅब घेतलेल्यांत १९ टक्के. हे आधी कोणतंही औषध न घेतलेले रुग्ण होते, आईंना हे आकडे जसेच्या तसे लागू नाहीत. पण ज्या जोडीला मामेभाऊ जुनी म्हणतात, तिच्यामागे मेलानोमात दहा वर्षांचा पुरावा आहे.

आईंच्या परिस्थितीसाठी वेगळा अभ्यास आहे. पीडी-१ च्या औषधावर आजार वाढलेल्या ९२ रुग्णांत अमेरिकेत तुलना झाली. नुसतं इपिलिमुमॅब दिलं तेव्हा ९ टक्क्यांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या, ते निव्होलुमॅबबरोबर दिलं तेव्हा २८ टक्क्यांच्या. म्हणजे मुंबईतल्या डॉक्टरांनी सुचवलेला पर्याय हवेतला नाही. चारांत एकाहून थोडी जास्त संधी आहे, आणि पायाच्या मेलानोमात ती याहून कमी धरावी. पटकन ‘हो’ म्हणण्यासारखा हा आकडा नाही हे मला कळतं. पण तो खरा आहे आणि कोणत्याही प्रयोगाची तुलना याच्याशी करायची.

प्रयोगांच्या आकड्यांकडे मी सावधपणे का बघतो, ते सांगतो. इपॅकॅडोस्टॅट नावाची एक गोळी होती. पेम्ब्रोलिझुमॅबबरोबर दिल्यावर सुरुवातीच्या छोट्या अभ्यासात मेलानोमाच्या निम्म्याहून जास्त रुग्णांना प्रतिसाद मिळाला. सगळीकडे उत्साह पसरला. मग ७०६ रुग्णांचा मोठा अभ्यास झाला, निम्म्यांना गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. २०१८ मध्ये निकाल आला, फरक शून्य. पुढे बेम्पेगाल्डेसल्युकिन आलं. पहिल्या छोट्या गटात प्रतिसाद ५३ टक्के. मोठ्या अभ्यासात ७८३ रुग्ण होते, त्यात निव्होलुमॅबबरोबर हे औषध घेतलेल्यांना २८ टक्के प्रतिसाद मिळाला आणि नुसतं निव्होलुमॅब घेतलेल्यांना ३६. नवं औषध जोडून रुग्णांना फायदा झालाच नाही, वर त्रास वाढला. हे दोन्ही प्रयोग चांगल्या लोकांनी नीट केलेले होते. पहिल्या, छोट्या टप्प्यात निवडक, धडधाकट रुग्ण असतात आणि तुलनेला दुसरा गट नसतो. त्या टप्प्यातला आकडा व्हॉट्सॲपवर आला तर तो आशेचा आकडा समजा, उपचाराचा नव्हे.

लशीचं उत्तर सोपं आहे. रुग्णाच्या स्वतःच्या गाठीतले जास्तीत जास्त ३४ बिघाड निवडून जी एमआरएनए लस बनवतात, ती आतापर्यंत मुख्यतः ऑपरेशनने गाठी पूर्ण काढलेल्या रुग्णांत तपासली गेली आहे, आजार परत येऊ नये म्हणून. १५७ रुग्णांच्या अभ्यासात पेम्ब्रोलिझुमॅबबरोबर ही लस दिल्यावर आजार उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुरुवातीला ४४ टक्क्यांनी आणि तीन वर्षांच्या पाहणीत ४९ टक्क्यांनी कमी दिसला. त्यावर मोठा अभ्यास हाती घेतला गेला. माझ्या मते हा सध्याच्या सर्वांत आशादायक प्रयोगांपैकी एक आहे. पण आईंच्या अंगात आज गाठी आहेत. मामेभावाने पाहिलेली ट्रायल त्यांना बहुधा दारातच नाही म्हणेल.

टी-पेशींचं बारकाईने सांगायला हवं, कारण जमीन विकण्याचा विचार त्याच्यापायी चालला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८८ मध्ये हा उपचार मेलानोमात पहिल्यांदा छापला. रुग्णाची एक गाठ काढायची, तिच्यात घुसलेल्या टी-पेशी प्रयोगशाळेत अब्जावधींच्या संख्येने वाढवायच्या आणि परत शिरेतून द्यायच्या. ऐकायला सलाइन लावण्याइतकं सोपं वाटतं. प्रत्यक्षात पेशी तयार व्हायला कित्येक आठवडे जातात आणि तोवर आजार थांबून राहत नाही. पेशी देण्याआधी दोन दिवस सायक्लोफॉस्फामाइड आणि पाच दिवस फ्लुडाराबिन ही केमोची औषधं देऊन रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ साफ करतात. पेशी दिल्यावर त्यांना चेतवणाऱ्या इंटरल्युकिन-२ चे सहापर्यंत मोठे डोस, थंडी वाजून ताप, रक्तदाब खाली, अंगावर सूज, लघवी कमी. हृदय, फुप्फुस आणि मूत्रपिंड धड असतील तरच हे झेपतं. औषधाच्या माहितीपत्रात उपचारानेच मृत्यू होऊ शकतो असा ठळक इशारा आहे.

इतकं करून मिळतं काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेने अशा पेशींच्या लिफिल्युसेल या उपचाराला मान्यता दिली, ती ७३ रुग्णांच्या निकालावर. ३१.५ टक्क्यांना प्रतिसाद, त्यातल्या तिघांच्या गाठी पूर्ण गेल्या. नेदरलँड्स आणि डेन्मार्कमधल्या १६८ रुग्णांच्या तुलनेत पेशींच्या गटात ४९ टक्क्यांना प्रतिसाद मिळाला, इपिलिमुमॅबच्या गटात २१ टक्क्यांना. आजार न वाढता गेलेला काळ मध्यमानाने ७.२ महिने विरुद्ध ३.१ महिने. हा उपचार खराच आहे, आणि ज्यांना लागू पडतो त्यातल्या काहींना तो वर्षानुवर्षं टिकतो. पण अमेरिकेत मान्यता मिळाल्यावर तो आता बाजारात आहे, २०२४ मध्ये आला तेव्हा निव्वळ औषधाची किंमत ५,१५,००० डॉलर होती. इस्पितळ, आयसीयू, राहणं वेगळं. परदेशी रुग्णाला तिथला विमा नाही. तुमची दोन एकर त्यात आईंना विमानात बसवण्याआधीच संपेल.

भारतात टी-पेशी म्हटलं की लोक नेक्सकार-१९ चं नाव घेतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेला तो उपचार २०२३ मध्ये मंजूर झाला, आपल्या सगळ्यांना अभिमान वाटावा असा. तो रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, मेलानोमासाठी नाही. टाटा मेमोरियलचाच निव्होलुमॅबच्या अगदी लहान डोसचा अभ्यासही लोक दाखवतात: दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, तोंड-घशाच्या कर्करोगात, वर्षानंतर हयात रुग्ण १६ वरून ४३ टक्के. खर्चाने बेजार झालेल्या कुटुंबांना त्याने मोठा दिलासा दिला. मात्र तो अभ्यास मेलानोमातला नव्हता आणि त्यात बाकीच्या गोळ्याही चालू होत्या. पैशाअभावी काहीच देता येत नसेल तेव्हा त्याचा विचार डॉक्टर करतात, तेव्हा तो अंदाज असतो हे त्यांनी तुम्हाला सांगायला हवं.

आता क्रमाकडे येतो. इपिलिमुमॅबचा पहिला डोस देण्याआधी दोन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, मेंदूचा एमआरआय. पेट स्कॅनमध्ये मेंदूतली बारीक गाठ सुटते, आणि उपचार न केलेली मेंदूतली गाठ असेल तर बहुतेक ट्रायल रुग्णाला घेत नाहीत. दुसरी, गाठीची जनुक तपासणी: बीआरएएफ, केआयटी, एनआरएएस. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. तळपायाच्या मेलानोमात बीआरएएफचा बिघाड थोड्यांतच सापडतो, पण सापडला तर डाब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब या गोळ्या हाताशी येतात. त्या झपाट्याने काम करतात, म्हणून त्या अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवता येतात. केआयटीमध्ये योग्य जागी बिघाड निघाला तर इमॅटिनिब ही तुलनेने स्वस्त गोळी वापरता येते. न्यू जर्सीच्या वाटेवर डोळे लावून बसण्याआधी हे घरातच आहे का ते पाहायला नको का?

या तपासणीसाठी ब्लॉक लागतो. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या तुकड्याचा मेणातला तो चौकोन, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, प्लास्टिकच्या जाळीदार कॅसेटवर बसवलेला, बाजूला पेन्सिलीने लिहिलेला नंबर. तो ज्या पॅथॉलॉजी लॅबने रिपोर्ट दिला तिच्याकडे असतो. अर्ज करून तो मागता येतो. नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतो का ते तिथेच उभं राहून बघा, कापडात गुंडाळा आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. सगळा ब्लॉक एकाच लॅबकडे खर्ची पडू देऊ नका, पुढे कोणत्याही ट्रायलला तोच लागतो.

मांडीवरच्या गाठीला घाईने हात लावू देऊ नका. तिथून नवी बायोप्सी सहज घेता येते, उपचार लागू पडतोय का ते बोटाने चाचपून कळतं, गाठीत थेट इंजेक्शन द्यायच्या प्रयोगांना अशीच गाठ लागते, आणि टी-पेशींचा विचार कधी झालाच तर तीच कामाला येईल. लोकल सर्जनने ती काढून फॉर्मलिनमध्ये टाकली की हे सगळं गेलं. दुखत असेल किंवा फुटायला आली असेल तर गोष्ट वेगळी.

तसंच स्टिरॉइडचं. खोकला आहे, थकवा आहे म्हणून गावातले डॉक्टर डेक्साची इंजेक्शनं देतात. प्रेडनिसोलोनच्या १० मिलिग्रॅमहून जास्त असं काही चालू असेल तर बहुतेक इम्युनोथेरपी ट्रायल नकार देतात. उलट, इम्युनोथेरपीच्या दुष्परिणामांवर हेच स्टिरॉइड जीव वाचवतं, तेव्हा ते घ्यायला घाबरायचं नाही. सांगायचं एवढंच की ऑन्कोलॉजिस्टला (कर्करोगतज्ज्ञाला) कळल्याशिवाय नको.

भारतातल्या ट्रायल शोधायला सीटीआरआय ही सरकारी नोंदवही आहे, कोणालाही पाहता येते. २००९ पासून प्रत्येक क्लिनिकल ट्रायलची तिथे नोंद बंधनकारक आहे. नुसतं मेलानोमा शोधलंत तर फार थोडं सापडेल. ‘सॉलिड ट्यूमर’ असंही शोधा, पहिल्या टप्प्याच्या कितीतरी ट्रायल सगळ्या प्रकारच्या गाठींसाठी असतात. सापडली की तिथल्या डॉक्टरांना विचारायचं: हा कोणता टप्पा? पहिल्या टप्प्यात मुख्य शोध डोस आणि सुरक्षिततेचा असतो, रुग्णाचा फायदा झाला तर झाला. दुसऱ्या गटाला काय मिळणार? मधे किती दिवस औषध बंद ठेवावं लागेल? चार आठवड्यांची विश्रांती नेहमीची आहे, आणि फुप्फुसातल्या गाठी वाढत असतील तर ते चार आठवडे महाग पडतात. आजार वाढला तर पुढे काय देणार, की हात वर करणार? आणि ही ट्रायल घेतल्यावर इपिलिमुमॅब नंतर घेता येईल का?

पैशाबाबत एक खूण पक्की ध्यानात ठेवा. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संशोधनाचा खर्च रुग्णावर टाकायचा नसतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाईची तरतूद आहे, संमतीपत्रावर ट्रायलवर देखरेख ठेवणाऱ्या आचारसमितीचा संपर्क असतो. ‘प्रायोगिक इम्युनोथेरपी’ म्हणून कोणी डेंड्रायटिक किंवा एनके अशा प्रतिकारपेशींचे लाखांचे पॅकेज सांगत असेल, सीटीआरआय क्रमांक विचारल्यावर विषय बदलत असेल, तर तिथून उठून या. अशा ठिकाणी कुटुंबं पैसे घालवतात त्याहून मला जास्त वाईट वाटतं ते त्यात गेलेल्या वेळेचं. त्या दोन महिन्यांत खरी ट्रायल हातची जाते.

आता आईंना न सांगण्याबद्दल. तुम्ही हे प्रेमापोटी केलंय, आपल्याकडची बहुतेक घरं असंच करतात. पण ट्रायलच्या संमतीपत्रावर सही त्यांची लागते, त्यांना समजणाऱ्या भाषेत सगळं सांगून. मराठी संमतीपत्र मागण्याचा त्यांना हक्क आहे. ‘तुमच्या मुलाने सही केली’ हे चालत नाही. आणि ट्रायल नसली तरी इपिलिमुमॅबची जोडी द्यायची तर त्यांना माहीत असायलाच हवं, कारण या औषधाचा धोका सगळ्यात आधी त्यांनाच कळणार आहे. या जोडीवर निम्म्याहून जास्त रुग्णांना गंभीर स्वरूपाचे दुष्परिणाम होतात. आतड्याला सूज येऊन दिवसात सहा-सात वेळा जुलाब, यकृताला सूज, फुप्फुसाला सूज येऊन धाप, थायरॉइड किंवा पिट्युटरी बंद पडणं, क्वचित हृदयाला सूज. ज्या बाईला वाटतं की आपल्याला टाचेच्या जखमेची ताकदीची इंजेक्शनं देतायत, ती जुलाबासाठी घरी साबुदाण्याची पेज पिऊन दोन दिवस काढते आणि तिसऱ्या दिवशी आतडं फुटायच्या बेताला येते. नाव एकदम सांगायला नको असेल तर डॉक्टरांना विचारा, ते आईंना आधी विचारतील: ‘तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल कितपत जाणून घ्यायचंय?’ माझ्या अनुभवात बहुतेक आयांना अर्धंअधिक आधीच कळलेलं असतं. त्या मुलांना सांभाळून घेत असतात.

दोन गोष्टी आपल्या भागातल्या म्हणून. इपिलिमुमॅबच्या आतड्याच्या सुजेवर स्टिरॉइड पुरलं नाही तर इन्फ्लिक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यावं लागतं आणि त्याने लपलेला क्षयरोग उसळू शकतो, म्हणून घरात कोणाला टीबी झाला होता का ते सांगा आणि हिपॅटायटिस बीची तपासणी आधीच करून घ्या. दुसरं, गुळवेल. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ म्हणून शेजारीपाजारी काढा आणून देतात. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यासारखी इजा झालेल्या रुग्णांची नोंद छापली. इपिलिमुमॅबवर असताना यकृताचे आकडे चढले तर दोष कोणाचा हे कळणार नाही आणि औषध विनाकारण थांबेल. काढे बंद ठेवा. जेवणात भाकरी, डाळ, पालेभाजी, फळं चालू द्या. दुकानातली प्रोबायोटिक पावडर स्वतःहून सुरू करू नका.

हा धागा वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी नुकतंच निदान झालं असेल आणि जांघेत किंवा काखेत गाठ असूनही अजून मोठं ऑपरेशन झालं नसेल, तर थांबून एक प्रश्न विचारा: इम्युनोथेरपी ऑपरेशनच्या आधी देता येईल का? तेच पेम्ब्रोलिझुमॅब, तीन डोस आधी आणि बाकीचे नंतर असं दिलं तेव्हा दोन वर्षं आजार न उलटता राहिलेले रुग्ण ७२ टक्के होते, सगळे डोस ऑपरेशननंतर दिले तेव्हा ४९ टक्के. नेदरलँड्समधून सुरू झालेल्या ४२३ रुग्णांच्या अभ्यासात इपिलिमुमॅब-निव्होलुमॅबचे दोनच डोस आधी दिले, तर वर्षभर नीट राहिलेले ८४ टक्के आणि नेहमीच्या क्रमाने ५७ टक्के. गाठ अंगात असताना टी-पेशींना शिकायला मिळतं, ती काढून टाकल्यावर कमी मिळतं, असा याचा अर्थ लावतात. आईंच्या बाबतीत ती वेळ गेली.

जमिनीचं ठरवणं तुमच्याकडे आहे, पण विचारलंत म्हणून बोलतो. इपिलिमुमॅबचे चारच डोस असतात. रुग्णसाहाय्य योजना आहे का ते इस्पितळाच्या समाजसेवा विभागात विचारा, मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीचा अर्ज करा. आणि वेदना, धाप, झोप यासाठी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना आत्ताच भेटा. उपचार संपले म्हणून तिथे पाठवतात हा समज चुकीचा आहे, ट्रायलमध्ये असतानाही ते बघतात.

या आठवड्यात ब्लॉक मिळवा, एमआरआयची तारीख घ्या, आणि मुंबईतल्या डॉक्टरांना विचारा की इपिलिमुमॅब सुरू करण्याआधी एखाद्या ट्रायलचा अर्ज करण्यासारखा आहे का. जनुकांचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. फुप्फुसातल्या गाठी वेगाने वाढत असतील तर त्यासाठी अडून बसू नका, जोडी सुरू करा. बीआरएएफचा निकाल आणि एमआरआय हातात आला की इथेच लिहा, पुढचा क्रम त्यावरून सांगतो.